ठोका इंजिनाचा की मधल्या प्लेटचा? इंजिन खोलण्यापूर्वी पाहावयाच्या गोष्टी



या पानावर आपण एरवी लागण, खोडवा, खते, पाणी याविषयी लिहितो. या वेळी एका पोलादी चकतीविषयी लिहीत आहोत, याचे काहींना नवल वाटेल. पण या चकतीपायी २०२३-२४ च्या गळीत हंगामात आपल्या बगॅस यार्डातला लोडर नऊ दिवस उभा राहिला. त्यात चूक दुसऱ्या कोणाची नव्हती, आमच्याच वर्कशॉपची होती. पुढे दोन सभासदांची यंत्रे तशाच तक्रारीने आमच्याकडे आली. त्यांपैकी एकाचे इंजिन विनाकारण खोलले जाता जाता वाचले. दुसऱ्याचे मात्र खोलावेच लागले. हे तिन्ही प्रकार जसे घडले तसे सांगत आहोत.

आपल्या कार्यक्षेत्रात आता खोदाई यंत्र नाही असे गाव शोधून सापडायचे नाही. चारी काढायची, बांध सारखा करायचा, पाइपलाइन गाडायची, शेततळे खोदायचे, चिखलात रुतलेली उसाची ट्रॉली फडातून ओढून काढायची, सगळ्याला तेच यंत्र लागते. कोणी दोघा भावांनी मिळून घेतले आहे, कोणी कर्ज काढून जुने उचलले आहे. हप्ता दर महिन्याला द्यावाच लागतो, यंत्र चालो की उभे राहो. अशा वेळी यंत्रातून 'टक्-टक्' आवाज येऊ लागला आणि कोणी 'इंजिन गेलं' म्हणाले, की मालकाच्या पोटात गोळा येतो. म्हणून हा विषय.

ही प्लेट असते कुठे?

ट्रॅक्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये जाड फ्लायव्हील आणि क्लच असतो, हे आपणा सर्वांना माहीत आहे. बहुतेक खोदाई यंत्रांत आणि लोडरमध्ये असा पायाने दाबायचा क्लच नसतो. त्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. हा तेलाने भरलेला एक बंद डबा समजावा. आत समोरासमोर दोन पंखे असतात. एक इंजिन फिरवते, त्याने फेकलेले तेल दुसऱ्यावर आदळते आणि दुसरा फिरू लागतो. मध्ये तिसरी पाती असतात, ती परतणारे तेल वळवून जोर वाढवतात. एक टेबलफॅन चालू करून दुसरा बंद फॅन त्याच्यापुढे धरला तर तोही फिरू लागतो, तशातलीच ही गोष्ट आहे. फक्त येथे वाऱ्याऐवजी तेल असते. ही युक्ती जर्मनीतील हेरमान फटिंगर या अभियंत्याने १९०५ साली जहाजाच्या टर्बाइनसाठी काढली. आज ती आपल्या शिवारात चारी काढते आहे.

हा कन्व्हर्टर इंजिनाला जोडायचा कसा? त्यासाठी मध्ये एक पातळ पोलादी चकती असते. तिची जाडी साधारण दोन-तीन मिलीमीटर. काही यंत्रांत एकावर एक अशा दोन-तीन चकत्याही असतात. हीच फ्लेक्स प्लेट. कोणी तिला ड्राइव्ह प्लेट म्हणतात, आमच्या वर्कशॉपात नुसतीच 'मधली प्लेट'. एका बाजूने ती क्रँकशाफ्टला किंवा फ्लायव्हीलला बोल्टांनी आवळलेली असते, दुसऱ्या बाजूने कन्व्हर्टरला. इंजिनाचा सगळा जोर या चकतीतून पलीकडे जातो.

एवढा जोर न्यायचा तर चकती जाड का केली नाही, असा प्रश्न एका सभासदाने विचारला. प्रश्न रास्त आहे. कन्व्हर्टर तापला आणि आतल्या तेलाचा दाब वाढला की तो किंचित फुगतो, पुढे-मागे सरकतो. मधली चकती ताठ असती तर ही ढकल थेट क्रँकशाफ्टवर गेली असती. म्हणून चकती अशी केलेली असते की पुढे-मागे लवेल, पण फिरण्याच्या दिशेने मुळीच लवणार नाही. हॅक्सॉचे पाते हातात घेऊन पाहा. रुंद बाजूने ते सहज वाकते, पण काठावर उभे धरून दाबले तर हलत नाही. प्लेटचे तसेच आहे.

मात्र लवण्यालाही मर्यादा असते. इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत नसतील, केसभर जरी फरक असेल, तर प्रत्येक फेरीला प्लेट एकदा वाकते आणि परत सरळ होते. इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांवर चालले तर तासाला १,२०,००० वेळा वाकणे झाले. दहा तासांच्या दिवसात बारा लाख. तार हाताने मागे-पुढे वाकवत राहिले की शेवटी तुटते, तशी ही प्लेट बोल्टच्या भोकापाशी तडकते. प्लेट कमजोर म्हणून ती तडकते असे फार थोडे वेळा घडते. बहुतेक वेळा कोणीतरी आधी गिअरबॉक्स उतरवून परत चढवताना कसूर केलेली असते.

आमची चूक

आता आमच्या लोडरची हकीकत. गाळप चालू असताना ताजा बगॅस पट्ट्यावरून थेट बॉयलरला जातो. पण काही कारणाने मिल थांबली की साठवलेला बगॅस लोडरने परत पट्ट्यावर घालावा लागतो. लोडर नसेल तर वाफ पडते, वाफ पडली की गाळप रखडते, आणि यार्डात उसाच्या गाड्या तुंबतात. गाडीवर ऊस वाळला तर वजन कोणाचे घटते, हे सभासदांना सांगायला नको.

जानेवारीत एका सकाळी लोडरचा ड्रायव्हर आला आणि म्हणाला, "साहेब, गाडी थंड असताना खालून टक्-टक् करते. जोर धरला की बंद होते." आम्ही ऐकले. आवाज जाड, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा, इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढणारा. वर्कशॉपात तिघांनी कान लावले आणि तिघांचे मत एकच पडले: कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेले. इंजिन उतरवण्याचा निर्णय आम्ही त्याच दुपारी घेतला. ड्रायव्हरने 'जोर धरला की बंद होते' असे म्हटले होते, ते आम्ही ऐकले आणि सोडून दिले. बेअरिंगचा ठोका सहसा जोर धरल्यावर वाढतो. तिथेच थांबायला हवे होते.

इंजिन खोलले. बेअरिंग चांगली निघाली. क्रँकवर ओरखडा नव्हता. तरीही खोललेच आहे म्हणून नवी बेअरिंग घातली, गॅस्केट बदलली, इंजिन चढवले, चालू केले. टक्-टक्! भाड्याचा लोडर यार्डात काम करत होता, त्याचे मीटर चालू होते.

शेवटी शहाणपण दाखवले ते आयटीआय करून नुकत्याच लागलेल्या एका मुलाने. "साहेब, सेल्फ काढून आत बघू का?" म्हणाला. स्टार्टर काढला, त्या भोकातून बॅटरी मारली, आणि इंजिन पुलीवरून पान्याने हळूहळू फिरवले. बोल्टांभोवती लालसर तपकिरी भुकटी दिसली. जिथे दोन लोखंडे एकमेकांवर सूक्ष्म घासतात तिथे अशी भुकटी जमते. गंजासारखी दिसते, पण बोटाला पावडरसारखी लागते. आणखी फिरवल्यावर चीर दिसली. एका भोकापासून निघून दुसऱ्या भोकापर्यंत गेलेली, पुढे तिसऱ्याकडे वळलेली. इंजिन उतरवले आणि परत चढवले तेव्हा हीच प्लेट आमच्या डोळ्यांसमोरून गेली होती. तिच्यावर तेलकट काजळी होती, आणि आमचे लक्ष बेअरिंगवर होते. पुसून कोणी पाहिली नाही.

आता कारण. आदल्या वर्षी तेलाच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवला होता. इंजिन आणि बेल हाउसिंग एका रेषेत बसावे म्हणून दोन डावेल पिना असतात. बोल्ट फक्त आवळतात, जागा धरतात त्या डावेल पिना. आमच्या लोडरला एकच पिन होती. दुसरी वर्कशॉपच्या कपाटात, सुट्या वॉशरांच्या डब्यात सापडली. परत चढवताना ती राहून गेली होती. बोल्ट बसले, आवळले, यंत्र चालले, आणि वर्षभर प्लेट दर फेरीला वाकत राहिली.

हा खर्च संचालक मंडळापुढे ठेवताना आम्हाला बरे वाटले नाही. पण लपवण्यात अर्थ नव्हता.

कसे ओळखावे?

आधी एक समजून घ्यावे की फसगत का होते. बेअरिंगचा ठोका आणि प्लेटचा ठोका दोन्ही इंजिनाच्या फेऱ्यांबरोबरच कमी-जास्त होतात. शिवाय बेल हाउसिंग इंजिनाला आवळलेले असते, त्यामुळे आवाज बिडातून सगळीकडे पसरतो. नुसता कान लावून 'हे अमुकच' असे सांगणारा मेस्त्री कितीही जुना असला तरी त्याच्या एका शब्दावर इंजिन खोलू नये. आमचे मेस्त्री वीस-वीस वर्षांचे होते.

पाहणी करण्यापूर्वी यंत्र सपाट जागी उभे करावे. बकेट जमिनीवर टेकवावी, चाकांना ओट लावावी. उचललेल्या आर्मखाली कोणीही जाऊ नये. इंजिन चालू असताना ऐकायचे असेल तर गळ्यातला टॉवेल, उपरणे काढून ठेवावे. पंख्याने टॉवेल ओढला की माणूसही ओढला जातो. आत हात किंवा टॉमी घालण्यापूर्वी बॅटरीची तार सोडवावी आणि किल्ली पाहणाऱ्याच्या खिशात असावी, ड्रायव्हरच्या नव्हे.

पहिली गोष्ट तेलाची. इंजिन तापल्यावर आणि संथ चालत असताना तेलाचा दाब पडतो का? दिवा लुकलुकतो का? बेअरिंग झिजले तर फट वाढते, आणि सहसा दाब घटतो. प्लेट तडकल्याने इंजिनाच्या तेलाच्या दाबाला काही होत नाही. मग थोडे तेल पांढऱ्या थाळीत काढून उन्हात धरावे. तांब्यासारखी किंवा चांदीसारखी चमचम दिसली तर संशय बेअरिंगवर. फिल्टर कापून आतला कागद उलगडून पाहिला तर आणखी नीट कळते.

दुसरी गोष्ट एकेक सिलिंडर बंद पाडून पाहण्याची. जुन्या पद्धतीच्या पंपाच्या डिझेल इंजिनात एका इंजेक्टरच्या पाइपचा नट किंचित सैल केला की तो सिलिंडर मारत नाही. दोष त्या सिलिंडरच्या रॉड-बेअरिंगमध्ये असेल तर ठोका लगेच मवाळ होतो. प्लेटचा ठोका कोणताही सिलिंडर बंद केला तरी राहतो, फार तर त्याची लय बदलते. येथे एक इशारा अगदी ठासून द्यावासा वाटतो. नव्या कॉमन रेल इंजिनात हा प्रयोग कधीही करू नये. तिथे डिझेलचा दाब हजार बारच्या पुढे असतो. सैल नटातून निघालेली बारीक धार कातडी भेदून आत शिरते, आणि वरून सुईएवढी दिसणारी जखम हात गमावण्यापर्यंत जाऊ शकते. अशा इंजिनाला कंपनीचे तपासणी यंत्र लावणारा माणूसच बोलवावा.

तिसरी गोष्ट ड्रायव्हरला विचारण्याची. आवाज थंड असताना जास्त की तापल्यावर? न्यूट्रलमध्ये येतो आणि गिअर टाकून जोर आला की बदलतो किंवा थांबतो का? पुढे-मागे दिशा बदलताना 'खट्' असा एकच मोठा ठोका येतो का? सेल्फ मारताना खरखर होते का? जोर आला की आवाज बदलत असेल तर निदान मधल्या भागाकडे झुकते. याला अपवाद असतात, म्हणून यावरच थांबू नये.

खरा निकाल डोळ्यांनी पाहूनच लागतो. स्टार्टर काढावा, किंवा बेल हाउसिंगच्या तळाला तपासणीचे लहान झाकण असेल तर ते काढावे. एकाने क्रँक-पुलीचा नट पान्याने धरून इंजिन थोडे थोडे फिरवावे, दुसऱ्याने बॅटरी घेऊन आत पाहावे. लाल भुकटी, बोल्टच्या डोक्याभोवती घासून चकाकलेली जागा, लांबट झालेले भोक, चीर, तुटून तळाशी पडलेला बोल्ट, हे शोधावे. एकच जागा पाहून झाकण लावू नये. पूर्ण एक फेरा होईपर्यंत प्रत्येक बोल्ट पाहावा, आणि शंका आली तिथे फडक्याने पुसून पाहावे. आमच्या लोडरची चीर पहिल्या चार बोल्टांपाशी नव्हतीच.

आतल्या वर्तुळातली चीर कधी कधी कन्व्हर्टरमागे झाकली जाते. त्यासाठी खडूची युक्ती आहे. फ्लायव्हीलवर आणि कन्व्हर्टरवर समोरासमोर एक सरळ खडूची रेघ ओढावी. एकाने पुली पान्याने घट्ट धरून ठेवावी, दुसऱ्याने टॉमीने कन्व्हर्टर हलकेच मागे-पुढे करून पाहावा. रेघ एकसंध राहिली तर जोड शाबूत आहे. रेघेचे दोन तुकडे होऊन इकडे-तिकडे सरकू लागले तर प्लेट तुटली आहे किंवा बोल्ट सैल आहेत. यात अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ जात नाही, आणि खडू शाळेतला चालतो.

प्लेट पूर्ण तुटली असेल तर निदान सोपे होते, पण तोवर यंत्र रस्त्यात उभे असते. इंजिन जोरात चालते आणि यंत्र जागचे हलत नाही. अनेक खोदाई यंत्रांत हायड्रॉलिक पंपही कन्व्हर्टरच्या बाजूने येणाऱ्या शाफ्टवर चालतो, म्हणून बकेटही उचलत नाही. तुमच्या यंत्रात पंप असा जोडलेला असेल तर ही खूण उपयोगी आहे. बकेट उचलते पण चाके फिरत नाहीत, तर दोष गिअरबॉक्सच्या आतल्या भागात शोधावा. दोन्ही बंद, तर मधल्या जोडात.

दोन सभासदांची यंत्रे

पहिले यंत्र दोघा भावांचे, जुने घेतलेले. शहरातल्या एका गॅरेजने इंजिनाचे काम सांगितले होते आणि आगाऊ रक्कम मागितली होती. थोरला भाऊ आमच्याकडे आला तेव्हा यंत्र दाखवायलाही तयार नव्हता. "साहेब, इंजिन बसलंच आहे, फक्त कारखान्याकडून उचल मिळते का तेवढं सांगा," म्हणाला. आम्ही म्हटले, "अण्णा, पैशाचं मागाहून बोलू, आधी यंत्र दाखवा." तेलाचा दाब चांगला होता. थाळीतले तेल काळे, पण चमक नव्हती. खाली झाकण काढले तर एक बोल्ट तळाशी पडलेला आणि खडूची रेघ बोटभर सरकली. प्लेटची तीन भोके अंड्यासारखी लांबट झाली होती. आधीच्या कोणा मालकाने मूळ बोल्टांऐवजी बाजारातले साधे बोल्ट घातले होते, ते सैल होत गेले. नवी प्लेट, नवे बोल्ट, आणि गिअरबॉक्स मागे सरकवण्याची मजुरी एवढ्यावर काम झाले. धाकटा भाऊ गॅरेजवर फार चिडला होता. आम्ही त्याला आमच्या लोडरची गोष्ट सांगितली तेव्हा जरा शांत झाला.

दुसऱ्या सभासदाने याच भावांकडून हकीकत ऐकली आणि मोठ्या आशेने आला. "माझंही प्लेटचंच असणार," असे स्वतःच सांगत होता. इंजिन तापल्यावर तेलाचा दिवा लुकलुकत होता. जुन्या पंपाचे इंजिन, तिसऱ्या सिलिंडरचा नट सैल करताच ठोका निम्मा झाला. थाळीतल्या तेलात तांबूस चमचम. आम्ही तरीही स्टार्टर काढून प्लेट पाहिली, ती स्वच्छ होती. त्याला वाईट वाटले, आम्हालाही वाटले. पण त्याच दिवशी इंजिन बंद ठेवायला सांगितले, म्हणून रॉड तुटून ब्लॉक फुटण्यापूर्वी काम हाती आले. क्रँक अंडरसाइझ घासून घेता आला, नवा घ्यावा लागला नाही. तपासणी म्हणजे प्रत्येकाला स्वस्तातली बातमी मिळेलच असे नाही.

ट्रॅक्टरवाल्या सभासदांसाठी थोडक्यात. ट्रॅक्टरला ही प्लेट नसते, पण अशीच गल्लत तिथेही होते. फ्लायव्हीलचे बोल्ट सैल झाले तर इंजिनासारखाच ठोका येतो, विशेषतः इंजिन बंद करताना शेवटच्या दोन-चार फेऱ्यांत. क्लचप्लेटमधल्या स्प्रिंगा तुटल्या तर संथ चालीत खडखड होते आणि पेडल दाबले की थांबते. उलट पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग पाहावे. दोन ट्रॉल्या भरून चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवण्याची सवय काही ड्रायव्हरांना आहे. त्याविषयी स्वतंत्र लिहावे लागेल.

परत जोडताना

तडकलेली प्लेट वेल्डिंग करून चालवण्याचा मोह होतो. हंगाम तोंडावर असतो, पार्ट यायला चार दिवस लागतात, आणि वेल्डर गावातच असतो. पण वेल्डिंगच्या आचेने चकती वाकडी होते, आणि जोडाशेजारचा भाग लवण्याऐवजी कडक होतो. ती पुन्हा तिथेच, नाहीतर बोटभर बाजूला फुटते. फुटताना कन्व्हर्टरचा पुढचा मुसळा, गिअरबॉक्सचा पंप, क्रँकचे सील यांना घेऊन जाते. तेव्हा वेल्डिंग नाही.

बोल्ट त्याच लांबीचे आणि त्याच प्रतीचे घ्यावेत आणि टॉर्क पान्याने कंपनीच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे आवळावेत. लांब बोल्ट कन्व्हर्टरला आतून टोचतो, आखूड बोल्ट धरत नाही. प्लेटवर मूळ जाड वॉशर किंवा कडे असेल तर ते टाकून देऊ नये. डावेल पिना दोन्ही हव्यात, आणि बोटाने फिरणारी झिजलेली पिन म्हणजे नसलेलीच पिन. ज्या यंत्रात कन्व्हर्टर आधी गिअरबॉक्सवर बसवून मग इंजिनाला भिडवतात, तिथे तो पूर्ण आत बसला आहे याची खात्री करावी. बेल हाउसिंगचे बोल्ट आवळून झाल्यावर, प्लेटला जोडण्यापूर्वी, कन्व्हर्टर हाताने सहज फिरला पाहिजे आणि पुस्तकात दिलेली फट मिळाली पाहिजे. फिरत नसेल तर तो आत बसलेला नाही. बोल्टांनी ओढून बसवायला गेलात तर पंप त्याच क्षणी फुटतो. आमच्याकडे आता गिअरबॉक्स उतरवला की निघालेल्या पिना, वॉशर, बोल्ट मोजून एका डब्यात ठेवतात आणि डब्यावर यंत्राचा नंबर खडूने लिहितात. डबा रिकामा झाल्याशिवाय यंत्र बाहेर जात नाही.

यंत्र रस्त्यात बंद पडले तर ट्रॅक्टरला दोर बांधून गावापर्यंत ओढत नेऊ नये. अशा गिअरबॉक्सला तेल पुरवणारा पंप इंजिनाच्या बाजूने चालतो. इंजिन बंद किंवा प्लेट तुटलेली असेल तर चाके गिअरबॉक्सला कोरडेच फिरवत राहतात. रस्ता मोकळा करण्यापुरते हळू ओढावे. लांब न्यायचे तर ट्रेलरवर चढवावे, नाहीतर चाकांकडे जाणारे प्रोपेलर शाफ्ट सोडवून मगच ओढावे.

सभासदांना यंत्र दाखवायचे असल्यास वर्कशॉपला आधी निरोप द्यावा. हंगामात सकाळच्या पाळीत कारखान्याचीच कामे असतात, दुपारनंतर यावे. येताना यंत्राचे पुस्तक, आधी कोणते काम केले असेल तर त्याची पावती, आणि जो रोज यंत्र चालवतो तो ड्रायव्हर बरोबर आणावा. मालकाने आवाज ऐकलेला असतो तो एखाद-दुसऱ्या वेळी, ड्रायव्हरने महिनाभर ऐकलेला असतो. आवाज सुरू झाल्यापासून यंत्र किती तास चालले हे मीटरवरून लिहून आणले तर आमचे काम निम्मे होते.